पिरिऑडिक वाक्य

इंग्रजी गद्यातील एक वाक्यरचना. तीत प्रधान वाक्य, निदान त्याचे क्रियापद, अखेरपर्यंत राखून ठेवलेले असते. तोवर येणारी गौण वाक्ये वाचकाची आकांक्षा ताणत नेतात. याउलट शिथिल वाक्यात प्रधान वाक्य आधी येते व तपशील मागून जोडले जातात. स्कॉटिश वक्तृत्वशास्त्रकार जॉर्ज कॅम्बेल यांची कसोटी (१७७६) आजही पुरेशी आहे : शेवटापूर्वी पूर्णविराम देऊनही पुरे वाक्य हाती लागत असेल, तर ते शिथिल. ‘वी शॅल गो इफ द रेन स्टॉप्स’ हे ‘गो’पाशी तोडता येते, ‘इफ द रेन स्टॉप्स, वी शॅल गो’ तोडता येत नाही. लांबीचा येथे संबंध नाही.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ओवत जाणारी शैली व आवर्तनयुक्त (पिरिऑडिक) शैली असा भेद केला. लॅटिनमध्ये रोमन वक्ता सिसेरो याने दुसरीला पूर्णत्व दिले. ती इंग्रजीत कशी उतरली, याविषयी मतभेद आहेत. रूढ मत श्रेय सोळाव्या शतकातील शाळांना देते. रॉजर ॲस्कम यांच्या १५७० मध्ये मरणोत्तर छापलेल्या पुस्तकातील पद्धतीनुसार विद्यार्थ्याने लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी करायचे, निदान तासभर थांबायचे आणि मूळ न पाहता पुन्हा लॅटिन करून ते मुळाशी ताडायचे. दुसरे मत पंधराव्या शतकातील राजाच्या कचेरीतील पत्रे व अर्जांकडे बोट दाखवते. ‘व्हेअरॲज’सारख्या शब्दांनी सुरू होणारी लांबलचक प्रास्ताविके तेथे रुळलेली होती. आर. डब्ल्यू. चेंबर्स यांनी (१९३२) आल्फ्रेड राजापासून टॉमस मोरपर्यंत इंग्रजी गद्याची अखंड परंपरा मांडली. तथापि त्यांचा भर धार्मिक गद्यावर असल्याने या विशिष्ट प्रश्नावर तिचा उपयोग मर्यादित आहे. लांबी कचेरीतून व तोल लॅटिनच्या सरावातून आला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड हूकर (१५९३ पासून) यांच्या लेखनात ही रचना प्रौढ झालेली दिसते. अठराव्या शतकात निबंधकार सॅम्युएल जॉन्सन व इतिहासकार एडवर्ड गिबन यांनी ती मुरवली. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे (१७७६) पहिले वाक्य ‘व्हेन’ने उघडते आणि ‘रिक्वायर्स’ हे मुख्य क्रियापद बरेच उशिरा येते.

रचना करताना प्रधान वाक्य आधी लिहून ठेवावे. मग एकाच उभयान्वयी अव्ययाने सुरू होणारी दोन ते चार गौण वाक्ये, लहानाकडून मोठ्याकडे, त्याच्या आधी मांडावीत. शेवट हलका पडला तर सारा ताण वाया जातो व नकळत विनोद होतो. कर्ता व क्रियापद यांत फार अंतर पडले, की वचनाची चूक घडते. तेव्हा ‘ऑल धिस’ म्हणून कर्ता पुन्हा उचलावा. आरंभीचे कृदंत लोंबकळणे हा नेहमीचा दोष : ‘वॉकिंग होम, द रेन बिगॅन’ या वाक्यात घरी चालत निघतो तो पाऊसच.

मराठीत क्रियापद मुळातच शेवटी असल्याने साधे इंग्रजी शिथिल वाक्यही भाषांतरात ताणलेले होते आणि दोहोंतील फरक पुसला जातो. तो राखण्यासाठी जर-तर, जो-तो अशा जोड्यांचा आधार घ्यावा लागतो. निबंधमालेतील (१८७४ पासून) लांब वाक्यांवर जॉन्सन, मेकॉले यांची छाया सांगितली जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा संस्कृत व्यासंग पाहता ती एकमेव मानू नये. शासकीय अधिसूचनांतील ‘ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी, आता’ ही मांडणी मात्र सरळ इंग्रजी कचेरीच्या वळणाची आहे.