सार्विकता (सांख्यिकीय भौतिकी)

क्रांतिक बिंदूजवळ, म्हणजे दोन अवस्थांमधला भेद जिथे मिटतो त्या स्थितीजवळ, अगदी भिन्न द्रव्ये एकाच गणिती नियमाने वागतात. अणू कोणते, त्यांची मांडणी कशी, याला तिथे महत्त्व उरत नाही. या गुणधर्माला सार्विकता म्हणतात. चुंबक तापवताना त्याचे चुंबकन क्रांतिक तापमानाला शून्य होते. त्याआधी ते त्या तापमानापासूनच्या अंतराच्या बीटाव्या घाताच्या प्रमाणात घटते; बीटा हा एक ठरावीक आकडा, त्याला घातांक म्हणतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे ३१° से. तापमानाला आणि ७३.८ बार दाबाखाली द्रव व वाफ यांच्या घनतांमधला फरक असाच मिटतो. तिथला बीटा एकाक्षी (एकाच अक्षावर वर किंवा खाली रोख असणाऱ्या) चुंबकाइतकाच, म्हणजे सुमारे ०.३२६, असतो.

क्रांतिक तापमान मात्र सार्विक नाही. आयझिंग प्रतिमान हे चुंबकाचे सोपे गणिती रूप: जालकाच्या (जाळीच्या) प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली रोखलेला एक स्पिन, म्हणजे इवलासा चुंबक. द्विमितीय आयझिंग प्रतिमानात क्रांतिक तापमान, आंतरक्रियेच्या एककात, चौरस जालकावर २.२६९ (ऑनसागर, १९४४) आणि त्रिकोणी जालकावर ३.६४१ आहे, बीटा दोन्हीकडे १/८ च. घातांक ठरतात ते मितींच्या संख्येवरून, क्रममापकाच्या (चुंबकनासारख्या, क्रम मोजणाऱ्या राशीच्या) घटकांवरून आणि आंतरक्रियेच्या पल्ल्यावरून. अतिद्रव हेलियमच्या क्रममापकाला दोन घटक असल्याने त्याचा सार्विकता वर्ग (समान घातांकांचा गट) वेगळा पडतो. कारण असे, की क्रांतिक बिंदूशी सहसंबंध लांबी, म्हणजे एका जागचा बदल जितक्या अंतरापर्यंत जाणवतो ते अंतर, अनंत होते आणि अणूंच्या मापाचे तपशील धुऊन जातात. हा विचार भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये पुनर्सामान्यीकरणाने (लहान मापाचे तपशील टप्प्याटप्प्याने सरासरीत मिसळून टाकण्याच्या पद्धतीने) पक्का केला. अपवादही आहे: बॅक्स्टर यांनी सोडवलेल्या आठ-शिरोबिंदू प्रतिमानात (जालकाच्या प्रत्येक बिंदूपाशी बाणांच्या आठच मांडण्या चालतात असे प्रतिमान) घातांक आंतरक्रियेबरोबर सलग बदलतात.

संगणकावर द्विमितीय आयझिंग प्रतिमानाचे घातांक काढताना पहिली अडचण जालकाच्या मर्यादित आकाराची. अशा जालकात चुंबकन अधूनमधून उलटते आणि सरासरी शून्याकडे जाते, म्हणून त्याचे निरपेक्ष मूल्य घ्यावे. क्रांतिक तापमानाला ते बाजूच्या −१/८ घाताने घटते: बाजू दुप्पट केली की जेमतेम ८ टक्के. इतका लहान फरक पकडायचा तर तापमान अचूक हवे; ते चुकले की लॉग-लॉग आलेख वाकतो आणि बीटा भलताच येतो. त्यासाठी बाइंडर राशी वापरतात. चुंबकनाच्या चौथ्या घाताच्या सरासरीला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाच्या तिपटीने भागावे व भागाकार १ मधून वजा करावा. ३२, ६४, १२८ अशा बाजूंचे वक्र क्रांतिक तापमानापाशी एकमेकांना छेदतात. चौरसाच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या असतील तर छेदाची उंची सुमारे ०.६११ येते, कडा मोकळ्या ठेवल्या तर हा आकडा बदलतो.

दुसरी अडचण मंदगतीची. एकेक स्पिन उलटणाऱ्या मेट्रोपोलिस पद्धतीत बाजू दुप्पट झाली की क्रांतिक तापमानाला स्मृतिकाळ, म्हणजे आधीच्या स्थितीचा प्रभाव पुसला जायला लागणारा वेळ, सुमारे साडेचारपट होतो. लागोपाठच्या नोंदी स्वतंत्र समजल्या, तर त्रुटी आहे त्याहून फार लहान दिसते. स्पिनांचा अख्खा पुंज एकदम उलटणारी वुल्फची पुंज पद्धत (१९८९) ही मंदी जवळजवळ घालवते. पण याच पद्धतीने १९९२ मध्ये चांगल्या समजल्या जाणाऱ्या यादृच्छिक-संख्या जनकांचे पितळ उघडे पाडले: ऊर्जेची उत्तरे पद्धतशीर चुकत होती. म्हणून नवा प्रोग्राम आधी चौरस जालकावर तपासतात. क्रांतिक तापमानाला मोठ्या जालकाची दर स्पिनमागची ऊर्जा आंतरक्रियेच्या एककात −१.४१४ कडे गेलीच पाहिजे.