जास्त रेझिन, जास्त प्रोटीन?

"प्रोटीन कमी येतंय? मग निकेल रेझिन वाढव," हा प्रोटीन शुद्ध करतानाचा सल्ला लॅबमध्ये सीनियरकडून ज्युनियरकडे वर्षानुवर्षं चालत आलाय. (निकेल रेझिन म्हणजे निकेल धरून ठेवणारे बारीक मणी, हिस्टिडीन त्यांना चिकटतं.) होतं उलटंच. हिस-टॅगवालं, म्हणजे हिस्टिडीन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेलं, प्रोटीन थोडंच असेल, तर रेझिनवरच्या उरलेल्या जागा मोकळ्या राहत नाहीत, ते प्रोटीन बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची स्वतःची हिस्टिडीनवाली प्रोटीन्स तिथे ठाण मांडतात. जेलवर (त्यात प्रोटीन्स आकारानुसार वेगळी होतात) २५ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टा दिसला की लगेच पेढे वाटू नका, तो स्लायडी (SlyD) हे ई. कोलायचंच एक प्रोटीन असू शकतो! रेझिन कमी घ्या: मिलिलिटरभर नको, २०० मायक्रोलिटर पुरे. जागेसाठी चढाओढ लागली की टॅगच्या सलग सहा हिस्टिडीनची पकड सरस ठरते. धुण्याच्या बफरमध्ये २० मिलिमोलर इमिडाझोल असू द्या, ते सैल चिकटलेल्या प्रोटीन्सना हटवतं. आणि कल्चर दुप्पट करण्याआधी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर उरलेला गाळ जेलवर चालवून बघा. पुष्कळदा प्रोटीन तिथेच, न विरघळता बसलेलं असतं.