बिननंबरची ई-बाईक आणि पॉवर वाढवलेली ई-बाईक: फरक स्टिकरवर दिसत नाही

इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही, इन्शुरन्स लागत नाही. नाशिकमध्ये हे अर्धसत्य इतक्यांदा सांगून झालंय की विकणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागलंय. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सातपूर-अंबडच्या कंपन्यांची गेटं, कुठेही बघा. नंबर प्लेट नसलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. रंग तोच, चाकं तीच, मोटरवर '२५० डब्ल्यू'चा शिक्काही तोच. त्यातली एक कायद्याच्या नजरेत सायकलीच्या रांगेत बसते आणि दुसरी बिनानोंदणीची मोटारसायकल असते. वाद घालणारे बहुतेक जण चुकीच्या जागी बोट ठेवून भांडतात.

हिरव्या पाटीच्या स्कूटरबद्दल फार बोलायला नको. चेतक, एथर, ओला वगैरे गाड्या एमएच १५ चा नंबर घेऊन फिरतात. त्यांना लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं आणि हे सगळ्यांना माहीत आहे. पेडल आहे की नाही हा मुद्दाही लोक उगाच चघळतात. पेडल असेल तर मोटरची मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबले तर त्याआधीच, तुटली पाहिजे. पेडल नसलेली, नुसत्या अ‍ॅक्सिलेटरवर चालणारी गाडीही आपल्याकडे बिननंबरची असू शकते, फक्त तिने पुढच्या अटी पाळायला हव्यात. बॅटरी हजार वॅट-अवरची आहे की दोन हजारांची, याचाही इथे संबंध नाही. त्यावर गाडी किती लांब जाईल ते ठरतं, तिचा जोर किती ते नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून '७५० वॅटपर्यंत चालतं' म्हणणाऱ्यांना एकच विनंती: तो आकडा तिकडच्या कायद्यातला आहे. इथे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत.

त्या नियमांतल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं असेल, तरच ते 'मोटार वाहन' धरलं जात नाही. अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, सोयीची एखादी निवडायची नसते.

खरा गोंधळ 'तीस मिनिटांची पॉवर' या तीन शब्दांत आहे. लोक ते वाचतात आणि पहिले दोन शब्द गिळून टाकतात.

मोटर किती वॅटची आहे, या प्रश्नाला एक उत्तर नसतं. निघताना किंवा चढावर काही सेकंद ती जितकं ओढते तो एक आकडा. सलग अर्धा तास न तापता जितकं देऊ शकते तो दुसरा, बराच लहान. कायदा दुसरा आकडा धरतो. म्हणून ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती करंट जाईल ते ठरवणारा डबा) असलेली सायकल चढावर ३६ गुणिले १५, म्हणजे ५४० वॅट ओढताना दिसली, तर ती लगेच बेकायदा ठरत नाही. मीटरवर ५०० दिसलं म्हणून ओरडणारे तिथे चुकतात.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. मोटरवर २५० लिहिलंय, मग तिला काहीही जोडलं तरी ती २५० चीच, असं समजणारे खूप आहेत. मोटर स्वतःहून काही ठरवत नाही. बॅटरीचा व्होल्टेज आणि कंट्रोलर सोडेल तो करंट, यांचा गुणाकार तिच्यात शिरतो. चाचणीतही मोटर एकटी बघत नाहीत, कंट्रोलरसकट बघतात. त्याच मोटरला ६० व्होल्ट आणि ३० अँपिअर दिले तर आत १८०० वॅट जातात. शिक्का २५० चाच राहतो, गाडी मात्र वेगळी झालेली असते. साधारण नियम असा धरा: शिक्क्यावरच्या आकड्याच्या दुप्पट क्षणिक ओढ ही नेहमीची गोष्ट आहे. चौपटीच्या वर गेली तर कोणीतरी हात मारलेला आहे.

आता वेगाशी ताळा करू. शंभर किलो एकूण वजन, माणूस ताठ बसलेला, रस्ता सपाट, वारा नाही. ताशी २५ ला चाकापाशी साधारण १९० वॅट लागतात. ताशी ४५ ला लागतात ८०० च्या आसपास, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने. म्हणजे नियमातले २५० वॅट आणि २५ किलोमीटर हे आकडे एकमेकांना धरून आहेत. नाशिकहून त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर. तेवढं अंतर कोणी पेडल न मारता ४५ ने काढत असेल तर त्याची मोटर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आठशे वॅट देत आली. तिला २५० ची म्हणायला तोंड धजावतं कसं?

मग या गाड्या अशा होतात कशा? तीन सोपे प्रकार आहेत. पहिला म्हणजे लॉक उघडणं. स्वस्त स्कूटरच्या कंट्रोलरमधून स्पीड लिमिटची बारीक वायर बाहेर आलेली असते. तिचा जोड काढला की गाडी मोकळी. सायकलच्या साध्या डिस्प्लेत हेच काम सेटिंगमधून होतं, अनेकांत पी०८ या नावाखाली. दुसरा प्रकार म्हणजे एक बॅटरी वाढवणं. ४८ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड गाडीत बारा व्होल्टची पाचवी बॅटरी बसवली की हब मोटरचे, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेल्या मोटरचे, फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. २५ ची गाडी ३१ ला जाते. तिसरा प्रकार कंट्रोलरच बदलण्याचा, आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

नुकसान ठरलेल्या जागी होतं. गिअरवाल्या हब मोटरच्या आत नायलॉनचे दाते असतात. जादा करंटवर, त्यात चढ आणि मागे माणूस, ते तासले जातात. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाक ढिम्म हलत नाही. डायरेक्ट हबमध्ये दाते नाहीत, तिथे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, तापतं. त्याआधी बॅटरी बोंब मारते. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये तेरा सेल सिरीजमध्ये आणि चार पॅरललमध्ये असतील, तर ३० अँपिअर ओढल्यावर प्रत्येक सेलवर साडेसात अँपिअर येतात. साध्या सेलची सलग क्षमता अनेकदा पाचच असते. बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, मध्येच पुरवठा तोडतो, गाडी वाटेत बंद पडते, आणि मग कोणी महाभाग बीएमएसच बायपास करून देतो. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत तो पॅक घरात रात्रभर चार्जिंगला लावणं म्हणजे आगीला आवतण. बाकी काही मान्य करू नका, पण बीएमएस बायपास केलेली बॅटरी घरात ठेवू नका.

साध्या सायकलला मोटर-बॅटरीचं किट बसवणाऱ्यांसाठी आणखी एक. हब मोटरच्या अ‍ॅक्सलला दोन बाजूंनी चपट्या कडा असतात, साधारण दहा मिलिमीटर रुंद. त्या फ्रेमच्या खाचेत अडकून अ‍ॅक्सलला फिरू देत नाहीत. जोर वाढला की अ‍ॅक्सल ॲल्युमिनियमची खाच रुंद करत स्वतःच फिरू लागतो, नट ढिला होतो आणि मोटरच्या वायरी पिळवटून शॉर्ट होतात. पुढच्या चाकात मोटर असेल तर चाक फोर्कमधून निसटूही शकतं. यावर टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी मिळते. ती दोन्ही बाजूंनी बसवा. २५० वॅटलाही बसवावी असं आमचं मत आहे, त्याच्या वर तर वादच नको.

ब्रेकचं गणित कोणी करत नाही. कोरड्या रस्त्यावर, एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून, चांगल्या ब्रेकने २५ च्या वेगातली गाडी तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. ४५ ला तीस मीटरच्या वर जाते. बिननंबरच्या गाडीचे ब्रेक, टायर, फोर्क पहिल्या आकड्यासाठी बनलेले असतात. त्यात द्वारका सर्कलचा पाऊस पडलेला रस्ता म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

जादा पॉवरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. मुंबई नाक्यावर किंवा दिंडोरी रोडवर सगळी वाहतूक ४० ने जात असताना २५ ने चालणारा माणूस ट्रकच्या तोंडी असतो. त्याला वेग हवाय, हौस नाही. मान्य. पण त्याच्यासाठी बाजारात नोंदणीची स्कूटर आहे. तिचे ब्रेक त्या वेगासाठी तपासलेले असतात आणि कोणाला धडकली तर मागे विमा असतो. वेग हवा पण पाटी नको, हा हट्ट आम्हाला पटत नाही. रोजचं अंतर दहा किलोमीटरच्या वर आणि वाट हमरस्त्याची असेल तर सरळ हिरव्या पाटीची घ्या. गल्लीबोळ, भाजी, क्लास, गोदाकाठची सकाळची फेरी एवढंच असेल तर २५० वॅटची पेडलवाली सायकल त्याहून बरी.

दंडाचा हिशेब थोडक्यात. पॉवर वाढवलेली गाडी मोटार वाहन ठरली की विनानोंदणीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत, लायसन्स नसेल तर कलम १८१ खाली पाच हजार, विमा नसेल तर कलम १९६ खाली दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बदल करून विकणाऱ्या डीलरला कलम १८२ए खाली गाडीमागे एक लाख दंड, किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पालकांनी कलम १९९ए वाचून ठेवावं. दहावीतला मुलगा अशी गाडी चालवताना सापडला तर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद पालकावर येते. राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने २०२२ साली वेग वाढवलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहिमेचे आदेश दिले होते, त्यामुळे 'आजवर कोणी विचारलं नाही' यावर फार विसंबू नका. शिवाय चलान ही किरकोळ बाब आहे. कोणाला धडक बसली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई लागली, तर ती विम्याविना मालकाच्या खिशातून जाते.

२०२१ मध्ये नाशिकच्या पंपांवर 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' चाललं तेव्हा या गाड्यांना कोणी अडवलं नाही, कारण त्या पंपावर जातच नाहीत. हेल्मेट तरीही घाला, २५० वॅटच्या सायकलीवरसुद्धा.

विकत घेताना मागा ते प्रमाणपत्र. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्थांचं, तुमच्याच मॉडेलचं. 'कंपनीकडे आहे' हे उत्तर घेऊ नका. मग सीटखालचा किंवा फूटबोर्डखालचा कंट्रोलर उघडून बघा, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, ते प्रमाणपत्राशी जुळवा. वेग डिस्प्लेवर बघू नका, चाकाचा व्यास चुकीचा भरला की तो वाटेल ते दाखवतो. मोबाईलचं जीपीएस लावून सपाट रस्त्यावर बघा. स्टँडवर चाक फिरवून आलेला आकडाही धरू नका, बिनवजनाचं चाक नेहमीच जास्त फिरतं.

आधीच घेऊन बसला असाल तर दोन शक्यता आहेत. मॉडेल मुळात प्रमाणित असेल तर जुना कंट्रोलर, जुना व्होल्टेज आणि लॉकची वायर परत बसवून घ्या, आणि बिलावर तसं लिहून घ्या. मॉडेलच प्रमाणित नसेल तर पेठ रोडच्या आरटीओत जाऊन 'आता नंबर द्या' म्हणण्याचा उपयोग नाही. पासिंगला उत्पादकाचा फॉर्म २२ (गाडी नियमांत बसते असं त्याचं प्रमाणपत्र) लागतो आणि तो अशा गाडीचा निघतच नाही. डीलरने पैसे परत दिले नाहीत तर ग्राहक आयोगात जाता येतं, त्यासाठी 'लायसन्सची गरज नाही' छापलेलं पत्रक आणि बिल जपून ठेवा. तोवर गाडी स्वतःच्या मळ्याच्या कुंपणाआत चालवा. सोसायटीबाहेरची गल्ली, धरणाकडे जाणारी वाट, लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्यात सार्वजनिकच धरली जाते.