तुटलेल्या स्प्रिंगमध्येही जोर असतो

‘स्प्रिंग तुटलीच आहे, आता तिच्यात जोर कुठला? कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) न लावता वरचा नट सोडा’, गाडीची सस्पेन्शन स्प्रिंग बदलताना दिला जाणारा हा सल्ला जिवावर बेतू शकतो. पुढची स्प्रिंग बहुतेकदा गंजून खालच्या टोकाशी तुटते. उरलेले वेढे स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या एकत्र जोडात, दाबलेलेच राहतात आणि वरचा मधला नट निघताच उसळतात. म्हणून स्ट्रट गाडीतून काढल्यावर दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावा. हुक शाबूत वेढ्यांवरच बसवा, दोन्ही आळीपाळीने थोडेथोडे आवळा. इम्पॅक्ट गन (नट झटक्यांनी फिरवणारं यंत्र) नकोच: एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग वाकते, हुक निसटतो. स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागली तरच नट सोडा. तुटकं टोक धारदार असतं, टायरची आतली बाजूही तपासा. नवी स्प्रिंग पुढच्या दोन्ही चाकांना घाला, नाहीतर गाडी एका बाजूला कलते.