तोंडाच्या गाठीत जिवाणू नेमके बसतात कुठे?

तोंडात जिवाणू असणारच. लाळेत, जिभेवर, हिरड्यांच्या कडेला त्यांच्या शेकडो जाती नांदतात. त्यांतले काही कर्करोगाच्या गाठीतही शिरतात, इतकंच नव्हे तर थेट पेशींच्या आत जाऊन राहतात.

तिथे ते करतात काय? एरवी गाठीचा तुकडा घोटून त्याचा अर्क तपासतात. त्यात कोण कोणाच्या शेजारी होतं, हे कळायची सोयच राहत नाही. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच केंद्रातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये गाठीचे पातळ काप घेऊन ठिपक्या-ठिपक्यावर कोणती जनुकं चालू आहेत आणि तिथे जिवाणू आहेत का, हे जागेसकट नोंदवलं. जिवाणू गाठभर पसरलेले नव्हते, त्यांची बेटं होती. त्या बेटांत रक्तवाहिन्या कमी आणि कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या, रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी पेशी विरळ. गंमत म्हणजे तिथल्या कर्करोगाच्या पेशीही इतरांपेक्षा सावकाश वाढत होत्या. म्हणजे 'जिवाणू आले की गाठ फोफावते' इतकं सरळ हे प्रकरण नाही.

या बेटांवर वारंवार भेटणारा जिवाणू म्हणजे फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, हिरड्यांच्या आजारातला जुना ओळखीचा. त्याच्या अंगावर फॅप-२ नावाचं प्रथिन असतं. ते कर्करोगाच्या पेशींवरच्या एका साखरेला चिकटतं. शिवाय, जेरुसलेमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं त्याप्रमाणे, आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मारेकरी पेशींवरच्या, त्यांचा हल्ला रोखणाऱ्या टिजिट नावाच्या ब्रेकवरही ते दाब देतं. मारेकरी पेशी गाठीपाशी पोहोचते, पण हल्ला करत नाही.

आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, जिभेच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचा अभ्यास झाला. त्यात हा जिवाणू असलेल्या रुग्णांचं पुढचं आयुष्य तुलनेनं कमी आढळलं. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचा निष्कर्ष नेमका उलटा आला. डोक्या-मानेच्या कर्करोगात हा जिवाणू असलेले रुग्ण जास्त जगले, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत त्यानं कर्करोगाच्या पेशी चक्क मारल्या. मला यात कोणी चुकलं असेल असं वाटत नाही. एका बाजूला फक्त जीभ, दुसरीकडे तोंडापासून स्वरयंत्रापर्यंतच्या जागा. शिवाय बशीत रोगप्रतिकारक पेशी नसतात, त्यामुळे फॅप-२ ला दाबायला ब्रेकच नसतो.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मानवी गाठी उंदरांत वाढवून २०१७ मध्ये त्यांना मेट्रोनिडॅझोल दिलं होतं, दाढ सुजल्यावर डेंटिस्ट लिहून देतात तेच. जिवाणू घटले, गाठींची वाढ मंदावली. तोंडाच्या कर्करोगात मात्र लंडनचे आकडे समोर असताना हे औषध सरसकट देणं कठीण आहे.