स्वच्छ (कचरावेचकांची सहकारी संस्था, पुणे)

पुण्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांची सहकारी संस्था. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेतून ती उभी राहिली आणि पुणे महानगरपालिकेशी केलेल्या करारानुसार २००८ पासून काम करते. सभासद साडेतीन हजारांहून अधिक. त्यांत बायकांची संख्या मोठी आणि बहुतेक दलित समाजातल्या. कुंडीत हात घालणाऱ्या माणसांनाच शहराच्या सफाई व्यवस्थेत हक्काची जागा मिळाली, म्हणून भारतात व बाहेरही या प्रयोगाचा अभ्यास होतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि आसपासच्या भागांतून अनेक भूमिहीन कुटुंबे पुण्यात आली. बायकांच्या वाट्याला जी कामे आली त्यांत हे एक: पाठीवर पोते टाकून कुंड्या धुंडाळायच्या, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळे करायचे आणि भंगारवाल्याला विकायचे. भाव तो ठरवणार, वजनही तोच करणार. रस्त्यावर पोलिसांचा चोरीचा संशय, सोसायटीत हाकलून देणे, कुत्र्यांचे चावे हे रोजचेच होते. एवढे करून शहराच्या हिशेबात या कामाची कुठे नोंदही नव्हती.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या कामातून या वस्त्यांत पोहोचल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली प्रमुख नावे. कचरा कुंडीत पडून सडण्याआधीच घरातून सुका-सुका मिळाला तर हात कमी घाण होतील, माल चांगला निघेल आणि भावही बरा येईल, हा त्यांचा साधा तर्क होता. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली. हमालांची पंचायत बाबांनी आधीच उभी केली होती. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्यांची युनियन बांधता येते, हे पुण्याने पाहिलेले होते.

संघटनेची पहिली मोठी कमाई म्हणजे महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र. पोलिसाने हटकले तर दाखवायला हातात काहीतरी आले. पतसंस्था निघाली. २००२-०३ मध्ये पालिकेने कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. या साऱ्यामागे दयेची याचना नव्हती, हिशेब होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात असे मांडले गेले, की एकेक कचरावेचक पालिकेला दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम फुकट देतो. जो माल वेचला जातो तो ट्रकमध्ये चढत नाही, डेपोवर जात नाही. तो खर्च वाचतो. हा मुद्दा बजेट मांडणाऱ्यांना कळण्याजोगा होता.

मग संकट आले ते नियमाच्या रूपाने. केंद्राच्या २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी संकलन बंधनकारक केले. कुंड्या हटणार आणि ठेकेदारांच्या गाड्या दारात येणार, म्हणजे वेचायला उरणार काय? संघटनेने नियमाला विरोध न करता ते काम स्वतःसाठी मागितले. काही भागांत आधी करून दाखवले आणि त्यातून सहकारी संस्था आकाराला आली. पहिला करार पाच वर्षांचा होता.

कामाची पद्धत अशी. दोघी मिळून ठरावीक घरे वाटून घेतात. मजल्यामजल्यावरून बादल्या खाली येतात आणि ढकलगाडीपाशी कचरा पुन्हा निवडला जातो, कारण 'ओला' म्हणून दिलेल्या डब्यात दाढीचे ब्लेड आणि फुटका ग्लास निघणे नवे नाही. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांची वेगवेगळी पोती होतात. उरलेले पालिकेच्या गाडीत जाते. घरे महिन्याला शुल्क देतात ते थेट त्यांचे, आणि भंगार विकून येणारा पैसाही त्यांचाच. पालिका व्यवस्थापनाचा खर्च आणि साधने देते. पगार नाही, त्यामुळे ज्या घराने शुल्क बुडवले त्या घराचे काम फुकट होते. गोड शब्दांत 'ताई' म्हणणारे आणि महिनाअखेर 'पुढच्या वेळी' म्हणणारे बहुधा एकच असतात.

सर्वांत कल्पक लढा सॅनिटरी पॅडचा. उघडे, रक्ताने भिजलेले पॅड ओल्या कचऱ्यातून हाताने काढावे लागत. संस्थेने पॅड टाकण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकल्या. २०१३ मध्ये तर वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवले. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढेच आवाहन करणारी 'रेड डॉट' मोहीमही पुढे चालली. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर विल्हेवाटीची पिशवी द्यावी, अशी तरतूद आली. पालन कितपत होते, हे कोणत्याही कचऱ्याच्या डब्यात पाहता येईल.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहर घरात बसले तेव्हा या बायका कामावर होत्या, मात्र भंगारची दुकाने बंद पडल्याने कमाईचा अर्धा पाय लुळा झाला. करार संपला की मुदतवाढ आणि पुन्हा चर्चा, हे चक्रही चालू राहिले; ठेकेदारी पद्धतीचा पर्याय दर वेळी डोके वर काढतो. दुसरी अडचण मालाचीच आहे. चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत, अनेक थरांच्या वेष्टनांना भंगारात भाव जवळजवळ नाही, आणि डब्यातला त्यांचा वाटा वाढत चालला आहे. वेचायला वेळ तेवढाच लागतो, हाती मात्र काही येत नाही. म्हणून अशा वेष्टनांच्या संकलनाचा मोबदला कंपन्यांनी द्यावा, ही संघटनेची मागणी आहे.