कौटुंबिक हिंसाचार आणि समुपदेशन या विषयात पीएच.डी.: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधीची तयारी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, समुपदेशन केंद्रात काम केलंय आणि आता याच विषयात संशोधन, जमलं तर प्राध्यापकी करायचीय, असं म्हणणाऱ्यांना आधी एक गोष्ट सांगावी लागते. ‘कौटुंबिक समुपदेशन’ असा पीएच.डी.चा स्वतंत्र विषय सहसा नसतो. अर्ज समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र, स्त्री अभ्यास, गृहविज्ञान किंवा विधी यांपैकी कशात तरी करावा लागतो. शक्यतो स्वतःच्या पदव्युत्तर पदवीचाच विषय धरा. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ असं लिहिलेलं असतं आणि विषय बदललेला असला की छाननीत खुलासे देत बसावं लागतं.

महाराष्ट्रात या अभ्यासाला जुनी जमीन आहे. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासूनचं. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं. प्रवेशासाठी एसएनडीटी आणि टाटा संस्थेखेरीज पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय आणि आपापल्या विद्यापीठाचे विभाग बघावेत.

पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम लागू आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर), आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेटही अर्ज करता येतो. एम.फिल. आता विसरा.

प्रवेशाच्या वाटा दोन: नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे आपली पेट. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) सह सगळ्यासाठी पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी.साठी पात्र, आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं, महिलांना ३५. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. पेटमध्ये निम्मी प्रश्नपत्रिका संशोधन पद्धतीवर असते. कामाचा अनुभव दांडगा असलेले उमेदवार नेमके तिथेच अडकतात.

सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्राध्यापकपदासाठी चालते, पण तिच्यावर जेआरएफ मिळत नाही.

कागदपत्रं

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, टीसी आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन ही नेहमीची जंत्री. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करायची असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीचे सक्तीचे वर्ग) गरज पडल्यास कामातून मोकळं केलं जाईल, ही दोन्ही वाक्यं हवीत. स्वयंसेवी संस्था बऱ्याचदा मोघम ‘हरकत नाही’ एवढंच लिहून देतात. तेवढ्याने भागत नाही.

जास्त अर्ज अडतात ते नावावर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि घटस्फोट झाला असेल तर बँकेत तिसरंच. विवाह नोंदणी दाखला किंवा शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर सगळीकडे काम होत नाही.

दुसरा घोळ नॉन-क्रीमीलेअरचा. विवाहित महिलेच्या दाखल्यासाठी आईवडिलांचं उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. नेटसाठी केंद्राच्या यादीतली जात आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्यातल्या प्रवेशासाठी राज्याचा. दोन्ही काढावेत. राज्याच्या मराठा आरक्षणाचा एसईबीसी दाखला नेटला चालत नाही.

जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी लवकर करा.

संशोधन आराखडा

अर्जातलं खरं जड काम हेच, आणि मुलाखतही इथेच जिंकली किंवा हरली जाते. ‘कौटुंबिक हिंसाचाराची कारणे व उपाय’ छाप शीर्षक घेऊन जाऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. एका जिल्ह्यात या आदेशांचं प्रत्यक्षात काय होतं? समुपदेशक समेटाकडे किती ढकलतात, बाई त्याला काय म्हणते? असा आवाक्यातला प्रश्न हवा.

मग माहिती कुठून मिळणार, हे लिहावं लागतं. सखी वन स्टॉप सेंटर (पीडित महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या नोंदींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे लेखी परवानगी मागा. रुग्णालय असेल तर तिथल्या नैतिकता समितीची मान्यता वेगळी. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकासमोरचं बोलणं गोपनीय असतं, त्यामुळे त्या फायली मिळतील या भरवशावर आराखडा रचू नका. परवानग्या प्रवेशानंतरच हातात येतात, पण कुणाकडे, कशासाठी अर्ज करणार हे आराखड्यात दिसलं पाहिजे.

संमतिपत्राचा नेहमीचा नमुना इथे धोक्याचा आहे. सहभागी व्यक्तीला प्रत द्यावी, असं पुस्तकात असतं. ‘घरगुती छळाचा अभ्यास’ असं छापलेला तो कागद सासूच्या हाती लागला तर? म्हणून तोंडी संमती घेऊन तिची नोंद संशोधकाने ठेवणं, अभ्यासाचं शीर्षक बाहेर ‘महिलांचं आरोग्य’ असं सांगणं पण त्या बाईला एकांतात खरा विषय सांगणं, घरातल्या एकाच स्त्रीची मुलाखत घेणं, फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं ते आधी ठरवणं, हे सगळं आराखड्यात यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सूचना याच दिशेच्या आहेत. बोलता बोलता एखादीने आजच घर सोडायचं म्हटलं तर तिला कुठे पाठवणार, त्या केंद्राचं नावही लिहा.

प्रबंध शेवटी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो आणि कुणालाही वाचता येतो. ‘४२ वर्षांची अंगणवाडी सेविका, नवरा एसटीत वाहक, अमुक गाव’ एवढं लिहिलं की नाव बदलूनही सगळा तालुका तिला ओळखतो. अशा ओळखी कशा पुसणार, हे समितीने विचारायच्या आधी सांगा.

मार्गदर्शक आणि मुदत

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी मिळत नाही. म्हणून अर्जाआधी जागा आहे का ते विचारा. मराठीत प्रबंध लिहायचा असेल तर तेही तेव्हाच बोलून घ्या.

किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन जास्तीची. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा मिळते.

नोकरीबाबत सांगायचं तर, १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण बहुतेकांच्या वाट्याला आधी तासिका तत्त्व (तासागणिक मानधनावरचं शिकवणं) येतं, तेव्हा समुपदेशन केंद्रातली नोकरी प्रवेश मिळाल्या मिळाल्या सोडू नका.